दोघांपुरती खोली

लग्नसराई सरली की चिखलीतली नवी जोडपी दोन-तीन दिवसांसाठी अलिबाग-मुरुड नाहीतर गोवा गाठतात. जुनं गाव, जवळ पाणी आणि दार लावल्यावर कुणाची हाक नको, एवढंच त्यांचं मागणं असतं. आपल्याकडे समुद्र नाही. पण मेहकरमार्गे गेलं की लोणार आहे. उल्कापाताने बेसाल्टात पडलेलं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर, तळाशी खारं पाणी, काठावर झऱ्याची धार आणि गावात दैत्यसूदनाचं देऊळ. 2020 मध्ये सरोवर रामसर यादीत आलं. 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि लोणारला येणं सोपं झालं. तरी बरेच पाहुणे विवर पाहून त्याच दिवशी परत फिरतात.

त्यांना मुक्कामाला थांबवायचं, तर सिमेंटच्या कॉटेजांची रांग उभारू नका, हे आम्ही निवास-व्यावसायिक बंधुभगिनींना आग्रहाने सांगतो. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. सरोवराभोवतीच्या अभयारण्याचे नियम आणखी वेगळे. त्यापेक्षा कुलूप लागलेलं एखादं धाब्याचं घर हाती घ्या. स्मारकाजवळ असेल तर डागडुजीलाही आधी परवानगी काढा. जाड मातीच्या भिंती वैशाखाचं ऊन आत येऊ देत नाहीत. कोनाडे आणि ओसरी तशीच ठेवा. धाब्यावरची माती मात्र पावसाळ्याआधी नीट करून घ्या, कारण गळकं छत पाहुणा विसरत नाही.

खरी मेहनत एकांतासाठी करायची आहे. न्हाणी आणि संडास खोलीला लागून हवेत. आतली कडी घट्ट बसावी, खिडकी रस्त्याऐवजी परसाकडे उघडावी. कॅमेरा लावायचाच तर बाहेरच्या फाटकावर, आणि तो आहे हे आधी सांगून. जेवणाची वेळ पाहुण्यांनाच विचारा. गरम भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत ओसरीवर मांडा आणि बाजूला व्हा. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, तेव्हा टबाचं आश्वासन देऊ नका. कढत पाण्याच्या दोन बादल्या वेळेवर द्या.

दोघांची ओळखपत्रं पाहा, नोंदवहीत नावं लिहा आणि तिथेच थांबा. सज्ञान जोडप्याकडे लग्नाचा दाखला मागावा, असा कायदा नाही. रोखून पाहणारी नजर आणि खोदून विचारलेले प्रश्न यांनी माणसं कायमची तुटतात.

राज्याच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करा आणि सुरुवात एकाच खोलीने करा. पहिला पाहुणा येण्याआधी घरच्या जोडप्याने तिथे दोन रात्री राहून पाहावं. उणिवा तिथेच कळतील. दहा खोल्यांचं कर्ज काढण्याऐवजी दहा घरांनी एकेक खोली नीट केली, तर जुनी घरं टिकतील आणि मुक्कामाचा पैसा गावातच राहील.