शिक्षेच्या आधीची वाट

मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर येथे झालेल्या मोटार अपघातात दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. त्या प्रकरणातील १७ वर्षांच्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला आणि जनक्षोभ उसळला. ज्यांची मुले गेली त्यांचे दुःख आम्ही हलके लेखत नाही. परंतु दरवेळी चर्चा शिक्षेपाशी सुरू होते आणि तेथेच संपते.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार, १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला निर्घृण गुन्ह्यात, प्राथमिक मूल्यमापनानंतर, प्रौढ म्हणून खटल्याला सामोरे जावे लागू शकते. त्याच कायद्यात समुपदेशन, समाजसेवा आणि परिवीक्षा यांचीही तरतूद आहे. सधन मुलामागे वकील उभे राहतात. वस्तीतील मुलामागे कोण?

हाच प्रश्न संत जॉन बॉस्को यांना पडला होता. १८४१ मध्ये गुरुदीक्षा घेतल्यावर ट्यूरिनच्या तुरुंगात त्यांनी पाहिले की, सुटलेली मुले पुन्हा तेथेच परततात. कारण बाहेर त्यांचे कोणी नसते. त्यांनी मुलांना खेळ, धर्मशिक्षण व हातांना काम दिले. १८५२ मध्ये एका उमेदवारासाठी मालकाशी लेखी करारही केला. विवेक, धर्म आणि वात्सल्य ही त्यांच्या प्रतिबंधक पद्धतीची त्रिसूत्री होय.

आपल्या धर्मग्रामात हे कसे घडेल? नववीत शाळा सोडलेला, घरी दारूचा त्रास सोसणारा मुलगा तीन रविवार दिसला नाही, तर कोणीतरी त्याच्या घरी जावे. संध्याकाळी अभ्यासिका उघडी असावी. आपल्यातील वायरमन, सुतार, गॅरेजवाले यांनी सज्ञान होणाऱ्या एकेका मुलाला हाताखाली घ्यावे. संकटातील बालकासाठी १०९८ हा क्रमांक सूचनाफलकावर लावावा.

आणि निरीक्षणगृहातून परतलेल्या मुलाचे काय? त्याची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. चर्चच्या आवारात मात्र आपल्याच जिभा ती उघड करतात. २०१३ च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बाल तुरुंगात १२ तरुणांचे पाय धुतले. आपण निदान त्या मुलासाठी बाकावर जागा करून देऊ या. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ दाराबाहेरच राहिला होता, हे आपण विसरू नये.