बागेचा धनी कोण?

घर बांधणाऱ्याचे नाव गाव घेते. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी त्याची कौले चाळणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. पण घर टिकते ते ह्या दुसऱ्याच्याच हातांनी. हे कुणब्याच्या पोरासही ठाऊक असलेले शहाणपण आमच्या नगरसंस्थांस मात्र अजून शिकावयाचे आहे. नव्या बागेच्या उद्घाटनास फीत, नारळ, पुढारी व छायाचित्रकार सारे हजर असतात. पुढे त्याच बागेतील झोक्याची साखळी तुटली म्हणजे तिला एकही धनी सापडत नाही!

पनवेल म्हणजे काही काल वसलेली वाडी नव्हे. येथील नगरपालिका १८५२ सालची. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली आणि जुन्या गावाबरोबर नवीन पनवेल, खारघर, कळंबोली, कामोठे, तळोजे ह्या सिडकोच्या वसाहती व भोवतालची खेडी एका कारभाराखाली आली. परंतु वसाहतींतील सेवा एका दिवसात हाती आल्या नाहीत. त्या टप्प्याटप्प्याने आल्या. मधल्या काळात नागरिक दोन दारांच्या मध्ये उभा राहिला. २०१६ पासूनचा मालमत्ता कर जेव्हा मागण्यात आला, तेव्हा वसाहतींतील लोकांनी विचारले की, ज्या वर्षांत आम्ही सेवाशुल्क सिडकोस भरले, त्या वर्षांचा कर पालिकेस कशाबद्दल द्यावा? ह्या वादाच्या कायद्याच्या बाजूत आम्ही शिरत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या तारखेपासून कर मागावयाचा, त्या तारखेपासूनची जबाबदारीही उचलली पाहिजे. कर घेण्यास पुढे आणि दुरुस्तीस मागे, हा न्याय नव्हे.

ह्या बागा व मैदाने कोणाच्या जमिनीवर आहेत, हेही विसरता कामा नये. १९७० साली सिडको स्थापन झाली व नव्या शहराकरिता आगरी, कोळी, कराडी शेतकऱ्यांची भातशेते व मिठागरे घेण्यात आली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात जानेवारी १९८४ मध्ये शेजारच्या उरण तालुक्यात पाच जणांनी प्राण दिले. ज्यांच्या बापजाद्यांची जमीन शहराखाली गेली, त्यांच्या मुलांस खेळावयास धड एक मैदान मिळू नये काय? एखादी बाग ही पालिकेने केलेली मेहेरबानी नव्हे. घेतलेल्या जमिनीच्या किंमतीचाच तो एक हप्ता होय.

कोणी म्हणेल, पाणी व गटारे ह्यांपुढे करमणुकीची काय मातब्बरी? कायदाही बागा व क्रीडांगणे ह्यांस महानगरपालिकेच्या ऐच्छिक कामांत धरतो. पण ऐच्छिक कोणाला? श्रीमंताच्या इमारतीच्या आवारात पोहण्याचा तलाव असतो, व्यायामशाळा असते. चाळीतल्या व झोपडीतल्या मुलास, दिवसभर राबून आलेल्या बाईस, पेन्शनीत निघालेल्या गिरणी कामगारास दुसरी जागाच नसते. सार्वजनिक बाग मोडली म्हणजे नुकसान होते ते फक्त गरिबाचे. शिवाय १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने बागा, उद्याने व क्रीडांगणे ही नगरसंस्थांच्या कामांच्या यादीत स्पष्ट नावानिशी घातली आहेत. मग ही चैन कशी?

राजर्षी शाहू महाराजांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. त्यांनी कोल्हापुरास खासबागेचे कुस्तीचे मैदान उभारले व त्यालगत १९१५ साली पॅलेस थिएटर बांधले; तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. रयतेने पोटभर खावे, शिकावे आणि हसावेही, अशी त्यांची समजूत होती. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळाले, तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले आणि पुनर्बांधणीची घोषणा तात्काळ झाली. ते योग्यच झाले. परंतु आग लागली म्हणजे सर्वांचे लक्ष जाते. गंज लागला म्हणजे कोणाचेच जात नाही. आमच्या बहुतेक बागा आगीने नव्हे, गंजाने मरतात.

२०२२ साली पहिल्या सभासदांची मुदत संपल्यावर पनवेलचा कारभार प्रशासकाकडे गेला. लोकांनी तक्रार घेऊन जावे असा त्यांचा निवडलेला माणूस उरला नाही. १५ जानेवारी २०२६ रोजी निवडणूक झाली, व ती सबब आता संपली. निवडून आलेल्या सर्व पक्षांच्या सभासदांस आमचे सांगणे आहे. वडाळे तलावाकाठी फिरणाऱ्यांस जशी शोभा पाहिजे, तशी खेड्यापाड्यांतील मैदानासही निदान सपाट जमीन, दिवा व पाण्याचा नळ पाहिजे. नव्या कामास मंजुरी देताना पुढील पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च त्याच ठरावात दाखवावा. प्रत्येक बागेच्या दाराशी पाटी असावी: ठेकेदार कोण, दुरुस्ती त्याच्या खर्चाने करून घेण्याची मुदत कधीपर्यंत, मागची दुरुस्ती कोणत्या दिवशी झाली आणि जबाबदार अभियंता कोण. मंडप घालण्यास मैदान दिले, तर खड्डे बुजविल्यावाचून अनामत रक्कम परत करू नये. ह्यात अवघड असे काय आहे?

वाचकहो, थोडी चूक आपलीही आहे. मोडकी घसरगुंडी पाहून आपण पोराचा हात धरून पुढे जातो, आणि पाच वर्षांनी मत देताना ती आठवत नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेत सभासद होते. १८८० साली लॉर्ड लिटन ह्यांच्या स्वागतासाठी लोकांचा पैसा उधळण्यास त्यांनी एकट्याने विरोध केला. आपल्यास एवढे धैर्यही नको. एक अर्ज पुरे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने आपल्या बागेवर किती खर्च झाला हे विचारता येते. आळीतल्या चार जणांनी मिळून तो अर्ज ह्या आठवड्यात द्यावा, आणि पोच घेतल्यावाचून कचेरीतून उठू नये.