विषम गुणांचा हिशेब

अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जीआरई परीक्षेत भाषिक आणि गणिती या दोन्ही विभागांना 130 ते 170 अशी एकच गुणश्रेणी असली, तरी समान गुणांचे वजन समान नसते. पर्सेंटाइल, म्हणजे आपल्याहून कमी गुण मिळवणाऱ्या परीक्षार्थींचे शेकडा प्रमाण, पाहिल्यास भाषिक विभागातील 160 हे गणितातील 160 पेक्षा बरेच वरचे ठरतात. त्यामुळे गणितात भक्कम आणि भाषेत डळमळीत असा निकाल हाती आलेल्या अभियांत्रिकीच्या पदवीधराने (महाराष्ट्रात असे पदवीधर थोडे नाहीत) घाईने फेरपरीक्षेची नोंदणी करण्यापूर्वी संबंधित विद्यापीठ कोणत्या गुणांकडे पाहते, किंबहुना ही परीक्षा मागते तरी का, हे तपासावे. 21 दिवसांनंतर पुन्हा बसता येते आणि गुण 5 वर्षे ग्राह्य राहतात. मात्र कोणत्या दिवसाचे गुण पाठवायचे हे परीक्षार्थीला निवडता येत असले, तरी एका दिवसाची भाषा आणि दुसऱ्या दिवसाचे गणित अशी जोडणी गुणपत्रकात होत नाही, आणि नेमका हाच नियम दुर्लक्षिला जातो. दुबळा विभाग इच्छित अभ्यासक्रमाच्या गाभ्याशी संबंधित असेल तरच फेरपरीक्षेचे शुल्क सार्थकी लागते. अन्यथा तो वेळ अर्जासोबतच्या उद्देशपत्राला द्यावा.