विकत घेतलेला खेळ कोणाचा?

विज्ञानकथांच्या मालिका आणि व्हिडिओ गेम यांविषयीं आमच्या वाचकांच्या घरांत दोन तट असतात, हें आम्हांस ठाऊक आहे. एका तटाला हा सगळा पोरखेळ वाटतो. दुसऱ्याला पान वाढलेलें असतांहि पडद्यावरून नजर काढवत नाहीं. आमची रुचि दुसऱ्या तटाकडे झुकते, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. तथापि ती रुचि योग्य कीं अयोग्य, याचा खल आज करावयाचा नाहीं. ज्या कृतींवर दोन-तीन पिढ्यांनीं जीव लावला, त्या जपण्याचें काम त्यांच्या मालकांवर सोंपवून स्वस्थ बसतां येईल काय, एवढाच आमचा प्रश्न आहे. आणि आमच्या मतें तसें बसतां येणार नाहीं.

बी.बी.सी.ची 'डॉक्टर हू' ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं सुरू झाली. बाहेरून पोलिसांची निळी पेटी व आंतून प्रशस्त यान, अशा वाहनांतून काळाच्या मागें-पुढें भटकणारा एक विक्षिप्त गृहस्थ, एवढेंच तिचें भांडवल. तिच्यांतील पुठ्ठ्याच्या देखाव्यांना हंसावयाचें असेल त्यानें खुशाल हंसावें. आम्हांस तिची कल्पकता आजच्या पुष्कळ खर्चिक मालिकांहून सरस वाटते. १९६६ सालीं नायकाचें काम करणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृति ढांसळली, तेव्हां मालिका गुंडाळण्याऐवजीं कर्त्यांनीं नायकाचा देहच पालटून दिला, आणि पॅट्रिक ट्राउटन या दुसऱ्या नटाच्या रूपानें तोच गृहस्थ पुढें चालूं लागला. परकायाप्रवेशाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना यांत नवल वाटणार नाहीं. पण दूरचित्रवाणीवर ही युक्ति त्यावेळीं अपूर्व होती, आणि मालिकेला पुढें जें दीर्घायुष्य लाभलें तें तिच्याच जोरावर.

हें देहांतर ज्या भागांत घडतें, तो भागच आज उपलब्ध नाहीं! त्यांतील देहांतराचे मोजके क्षण शिल्लक आहेत, ते केवळ बी.बी.सी.च्या मुलांसाठीं असलेल्या दुसऱ्या एका कार्यक्रमांत दाखविले गेले म्हणून. त्या दशकांतील या मालिकेचे नव्वदांहून अधिक भाग असेच नाहींसे झाले. यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें नव्हे. चुंबकीय फीत महाग होती व पुसून पुन्हां वापरतां येत होती. नटांच्या संघटनेशीं झालेल्या करारांमुळें जुने भाग पुन्हां दाखविण्यावर मर्यादा होत्या. आणि रंगीत चित्रें आल्यावर कृष्णधवल भागांना कोण विचारतो, असा हिशेब झाला. परदेशीं विकण्यासाठीं काढलेल्या प्रतींचीहि मुदत संपतांच पुष्कळ ठिकाणीं तीच वाट लागली.

चित्रें गेलीं; आवाज मात्र एकाहि भागाचा गेला नाहीं. इंग्लंडांतील कांहीं तरुण प्रेक्षक आपापल्या घरीं टेप-रेकॉर्डर लावून प्रत्येक भागाचा आवाज उतरून घेत असत. त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें, कोणीं परवानगीहि दिली नव्हती. पुढें कांहीं हरवलेल्या भागांसाठीं नवीं रेखाचित्रें करवून बी.बी.सी.नें ते पुन्हां प्रसिद्ध केले, ते याच घरगुती आवाजाच्या आधारावर. २०१३ सालीं १९६७-६८ मधले ९ हरवलेले भाग परत मिळाले, ते लंडनच्या कपाटांत नव्हे, तर नायजेरियांतील जोस येथें.

आमच्या वाचकांस ही कथा ओळखीची वाटावी. पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करतां आली, ती देशभर ठिकठिकाणीं उतरून घेतलेल्या पोथ्या हातीं आल्या म्हणून. एकाच भांडारांत एकच प्रत असती, तर वाळवीला एक पावसाळा पुरला असता.

आतां सर्व कांहीं संगणकांत आलें, तेव्हां तें आपोआप टिकेल, असा पुष्कळांचा समज आहे. खेळांच्या बाबतींत तर नेमकी उलट स्थिति आहे. अमेरिकेंत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ बाजारांत रीतसर मिळत नाहींत, असें तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेला २०२३ च्या पाहणींत आढळलें. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतींचा खेळ २०१४ सालीं निघाला. एकट्यानें खेळावयाचें असलें तरी तो कंपनीच्या सर्व्हरशीं जोडल्यावांचून चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजीं कंपनीनें ते सर्व्हर बंद केले, आणि पूर्ण दाम मोजून घेतलेली तबकडी घरांत असूनहि खेळ निरुपयोगी झाला. कपाटांतला ग्रंथ प्रकाशकाच्या आज्ञेनें एका रात्रींत कोरा व्हावा, तसाच हा प्रकार. यावरून युरोपांत जी चळवळ उठली, तिच्या मागणीपत्रावर २०२५ सालीं दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

सर्व्हर चालविण्यास खर्च येतो, तो कंपनीनें जन्मभर कां सोसावा, हा प्रश्न रास्त आहे. तिनें तो सोसावा असें आम्ही म्हणत नाहीं. जातांना किल्ली मात्र ठेवून जावें. १९९३ चा 'डूम' हा खेळ काढणाऱ्या इड सॉफ्टवेअरनें १९९७ सालीं त्याची मूळ संगणकीय संहिता लोकांना खुली केली. (त्यांतील रक्तपाताविषयीं वडील मंडळींची तक्रार आम्हांस मान्य आहे.) तेव्हांपासून हौशी लोक तो नव्या नव्या यंत्रांवर चालवीत आले आहेत, आणि त्यासाठीं त्यांना कोणाच्या सर्व्हरकडे तोंड वेंगाडावें लागत नाहीं.

कॅलिफोर्निया राज्यानें १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा अमलांत आणला आहे. खेळ, चित्रपट किंवा पुस्तक संगणकीय स्वरूपांत विकतांना ग्राहकाला मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना असेल, तर दुकानदारानें 'विकत घ्या' असे शब्द वापरण्यापूर्वीं तसें स्पष्ट सांगितलें पाहिजे. बंद पडलेला खेळ या कायद्यानें सुरू होत नाहीं. निदान शब्द तरी खरे वापरले जातात. आपल्याकडील गृहस्थांनीं दिवाळींत मुलांसाठीं खेळ घेतांना दुकानदाराला एवढें अवश्य विचारावें: इंटरनेट तोडलें तर हा चालतो काय? आणि माळ्यावरच्या पेटींत जुनीं यंत्रें व खेळांच्या कॅसेटी पडून असतील, तर रद्दीवाल्याला हांक मारण्यापूर्वीं त्या घरांतील मुलांना एकदां दाखवाव्या.