हुतात्मा म्हणताना

१४ एप्रिलला भायखळ्याच्या अग्निशमन दल मुख्यालयातील स्मारकाला पुष्पचक्रं वाहिली जातात, मानवंदना दिली जाते आणि गणवेशातले जवान काही क्षण स्तब्ध उभे राहतात. १९४४ साली याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर लागोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. पुढे २० एप्रिलपर्यंत सप्ताह चालतो. या सोहळ्याबद्दल दोन मागण्या अधूनमधून कानावर येतात. सन्मान वाढवा, सैनिकाच्या बरोबरीचा करा, ही एक. सोहळे पुरे, आता जवानांच्या सुरक्षेचं बोला, ही दुसरी. दोन्ही मागण्या जवानांविषयीच्या आस्थेतूनच येतात, म्हणून त्यांतली एक निवडणं सोपं नाही.

पहिल्या मागणीमागे उघड विषमता आहे. सैन्य आणि केंद्रीय निमलष्करी दलांच्या अंत्यविधीत पार्थिवावर तिरंगा ठेवण्याची तरतूद ध्वजसंहितेत आहे. अग्निशमन जवानाला हा मान मिळायचा, तर राज्य सरकारने शासकीय इतमामाचा निर्णय घ्यावा लागतो. त्यातच अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांमध्ये येते. त्यामुळे निरोप कसा मिळणार, हे पुष्कळदा मरण कोणत्या शहरात आलं आणि त्याची बातमी किती मोठी झाली यावर ठरतं. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग विझवताना इमारतीचा भाग कोसळला आणि मुंबई अग्निशमन दलाने आपले प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गमावले. सारं शहर हळहळलं. एखाद्या छोट्या नगरपरिषदेचा कंत्राटी जवान असाच गेला, तर त्याच्या दारात कोण उभं राहील? नियम असावा तो त्याच्यासाठी. मोठ्या शहरातल्या मोठ्या अधिकाऱ्याला नियमाची गरज तुलनेने कमी पडते.

याउलट, सैनिकी इतमामाबद्दल शंका घेणाऱ्यांचं म्हणणंही हलकं नाही. आपण सहज ‘हुतात्मा’ म्हणतो. ‘हुत’ म्हणजे आहुती म्हणून अग्नीत अर्पण केलेलं. जिवावर उदार होऊन लढलेल्यांना हा शब्द शोभतो. अग्निशमन जवान मात्र आगीत स्वतःला अर्पण करायला जात नाही. तो आग विझवून, माणसं बाहेर काढून, पुढच्या वर्दीसाठी परत यायला गेलेला असतो. त्याचं न परतणं ही पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीची परिणती असते. ‘फोर्ट स्टिकीन’च्या एकाच खणात कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं भरलेली होती, आणि धूर दिसल्यानंतर जहाज बुडवायचं की बंदराबाहेर न्यायचं, हे वेळेत ठरलं नाही. त्या ६६ जणांच्या शौर्याबद्दल कुणालाच शंका नाही. पण नुसत्या शौर्याची कथा सांगितली, तर गासड्या आणि स्फोटकं शेजारी ठेवणारा हात कथेतून निसटतो. मृत्यू नियतीच्या खात्यात जमा होतो आणि बंद केलेला जिना, सामानाने अडवलेला मार्ग, न झालेली तपासणी यांचा हिशोब कुणी मागत नाही.

तरीही विधीला केवळ देखावा मानणं अन्यायाचं ठरेल. घरच्यांसाठी तो गर्दीतला दिलासा असतो आणि ओळीत उभ्या सहकाऱ्यांसाठी त्याहून अधिक काही. त्या ओळीतल्या कुणाला तरी त्याच रात्री धुराने भरलेल्या जिन्यात शिरावं लागणार असतं. आपण पडलो तर मागचे आपल्याला विसरणार नाहीत, हा भरवसा घेऊन तो शिरतो. तो भरवसा कोणत्याही साहित्यखरेदीच्या निविदेतून येत नाही. सन्मानाचा पैसा सुरक्षेकडे वळवा, हा युक्तिवाद आम्हांला म्हणूनच पुरेसा वाटत नाही. एका पुष्पचक्राच्या खर्चात श्वसनसंच येत नाही.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे उपयोगी पडतं. मेरीलँडमधल्या एमिट्सबर्ग इथे दरवर्षी मृत अग्निशमन जवानांची नावं वाचून घंटा वाजवली जाते. स्मरणाचं हे काम पाहणाऱ्या संस्थेनेच २००४ साली टॅम्पा इथे परिषद भरवली आणि त्यातून जवानांच्या सुरक्षेची १६ सूत्रं पुढे आली. १९९८ पासून तिथली एक सरकारी संशोधन यंत्रणा कर्तव्यावरील मृत्यूंची चौकशी करते, आणि तिचे अहवाल दोषी ठरवण्यासाठी नव्हे तर शिकण्यासाठी लिहिलेले असतात. आपल्याकडची रचना वेगळी आहे, पैसा वेगळा आहे, त्यामुळे नक्कल नको. मात्र स्मरण आणि चौकशी एकाच घरात नांदू शकतात, एवढं त्यातून दिसतं.

आमचा कल असा आहे. कर्तव्यावर मृत्यू आला, की कायम की कंत्राटी, महानगर की नगरपरिषद हे न पाहता शासकीय इतमामाचा एकच राज्यव्यापी नियम असावा. त्याचबरोबर प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी होऊन तिचा अहवाल ठरलेल्या मुदतीत लोकांसमोर यावा. हा अहवाल स्मारकापाशीच वाचावा, असा आग्रह काही जण धरतील. तिथे आम्ही थांबतो. चौकशीत कधी मृत अधिकाऱ्याच्याच निर्णयावर बोट ठेवलं जाईल. पुष्पचक्र वाहायला आलेल्या त्याच्या पत्नीने, आईने ते त्या सकाळी ऐकावं, असं आम्हांला वाटत नाही. दुसरीकडे, कॅमेरे १४ तारखेलाच येतात आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी फिरकत नाही, ही अडचणही खरी आहे. या मांडणीत चौकशीचा आवाज थोडा दबेल, आणि तो तोटा आम्ही मान्य करतो.

सप्ताहाचे सहा दिवस मात्र हाताशी उरतात. १५ एप्रिलला प्रत्येक केंद्रावर, सकाळच्या हजेरीनंतर, दरवाजे उघडे ठेवून आणि पत्रकारांना बोलावून, गेल्या वर्षीच्या एका मृत्यूचा अहवाल सगळ्यांसमोर वाचता येईल: वर्दी केव्हा आली, इमारतीबद्दल कोणती माहिती होती, कोणती नव्हती, आत शिरायचं कुणी ठरवलं, बाहेर यायची सूचना पोहोचली का. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार मालकाने किंवा भोगवटादाराने जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्या इमारतीचं ते होतं का, हाही प्रश्न त्याच हजेरीत विचारला जावा, आणि उत्तर द्यायला महापालिकेचा जबाबदार अधिकारी तिथे हजर असावा.