पोटावरची चीर आणि पोटाचा प्रश्न

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हटलं की आपल्या वस्त्यांमधल्या माणसाला खासगी इस्पितळ आणि न झेपणारं बिल आठवतं. गरिबाचं पोट उघडूनच ऑपरेशन व्हायचं, ही समजूत आपण मुकाट्याने स्वीकारली आहे. पण याच मुंबईत, सरकारी इस्पितळात काम करणाऱ्या एका सर्जनने तिच्या उलट मांडणी केली होती. त्यांचं नाव डॉ. तेहेम्टन उडवाडिया.

जे.जे. रुग्णालय 1845 साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलं. नागपाडा, मदनपुरा, डोंगरी, भेंडी बाजार असा सारा कष्टकरी परिसर त्याच्या अवतीभवती आहे. इथेच 1972 पासून उडवाडिया दुर्बिणीने पोटाची तपासणी करू लागले. तेव्हा सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन सर्वसामान्यांच्या आवाक्यात नव्हते. पोटात पाणी झालेला रुग्ण आला, की कारण क्षय आहे, कर्करोग आहे की यकृताचा आजार, हे बाहेरून ओळखणं कठीण असे. मग केवळ निदानासाठी पोट उघडायची वेळ यायची. उडवाडियांनी छोट्या छिद्रातून दुर्बीण आत घातली. क्षयाचे पांढुरके दाणे डोळ्यांनी पाहायचे, त्यातला एक तुकडा तपासणीला पाठवायचा आणि औषधं सुरू करायची. 1986 साली इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात त्यांचा या विषयावरचा लेख छापून आला. पुढे 1990 साली जे.जे.मध्येच त्यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं. भारतातली ही अशी पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. त्याआधी पाचच वर्षं, 1985 मध्ये, जर्मनीत एरिक म्यूए यांनी ती केली होती आणि तिथल्या सर्जन मंडळींनी त्यांची वाहवा केली नव्हती.

भारतासारख्या देशाला ही चैन परवडणार का, असा प्रश्न तेव्हा विचारला जाई. उडवाडियांचं म्हणणं उलटं होतं: या तंत्राची खरी गरज गरीब देशांनाच आहे. मला हा मुद्दा त्यांच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मोठा वाटतो. बरगडीखाली वीतभर चीर दिलेला हमाल कित्येक आठवडे ओझं उचलू शकत नाही. पगारी माणसाला आजारपणाची रजा मिळते, रोजंदारीवाल्याच्या घरची चूल थंडावते. चार छोटी छिद्रं पडली, तर तो लवकर कामावर परततो. चिरेची लांबी ही त्याच्यासाठी सौंदर्याची बाब नाही, ती मजुरीची बाब आहे.

म्हणून आपल्या समाजात रुग्णांना मदत करणाऱ्या ट्रस्टांना एक सुचवावंसं वाटतं. अर्ज तपासताना इस्पितळाच्या बिलासोबत बुडणारी मजुरीही मोजा. स्वस्त दिसणारं ऑपरेशन दीड-दोन महिन्यांच्या कर्जानंतर महाग पडलेलं असू शकतं. अर्थात प्रत्येक रुग्णाला दुर्बीण चालत नाही. सुरुवात दुर्बिणीने करूनही कधी पोट उघडावं लागतं, आणि त्यात डॉक्टरांचा पराभव नसतो. तो निर्णय त्यांचाच. पण जिथे शक्य आहे, तिथे सरकारी इस्पितळात ही सोय मागणं हा आपला हक्क आहे.

दुसरं, पोटातल्या क्षयाविषयीची कुजबुज थांबायला हवी. मुलीचं लग्न मोडेल या धास्तीने ताप, पोटदुखी, घटणारं वजन लपवलं जातं. फुप्फुसाला लागण नसेल तर पोटातला क्षय खोकल्यातून पसरत नाही. वेळेत निदान झालं तर बहुतेक रुग्ण औषधांनी बरे होतात, आणि ती औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. लपवाछपवीत आतड्याला अडथळा आला, की मग मात्र सुरीची वेळ येऊ शकते.

उडवाडिया 2023 मध्ये गेले. 2017 साली त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. त्यांच्या संशोधनाला विषय पुरवला तो जनरल वॉर्डातल्या माणसांनी. त्या वॉर्डात आजही रोज नवे रुग्ण येतात. त्यांच्या नोंदी नीट ठेवणारे आणि त्यावर लिहिणारे तरुण डॉक्टर तिथे घडावेत, त्यात मदनपुऱ्याची, मालेगावची, भिवंडीची मुलं-मुलीही असावीत. आपल्या वस्तीचं दुखणं कुठे दडतं, हे त्यांना पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असेल.