जर्मन की तुर्की? आधी मराठीचा गज लावा

नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर आणि मग चाकण. पुणे-नाशिक महामार्गाने कामावर जाणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या तरुणांना जर्मन नावे नवी नाहीत. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे चाकणचे कारखाने 2009 पासूनचे आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक यांच्या घरांत ‘जर्मन शिकावी का’ हा प्रश्न आला. तुर्कीची ओढ वेगळ्या वाटेने येते, बहुधा मोबाइलवर पाहिलेल्या तुर्की मालिकांतून. दोन्हींत सोपी कोणती, असे मुले विचारतात. उत्तर देण्याआधी एक विचारायला हवे: सोपी कोणाला?

या बाबतीत नेहमी पुढे केला जाणारा आधार अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा असतो. तिच्या हिशेबाने जर्मनला 30 ते 36 आठवडे लागतात आणि तुर्कीला 44. पण हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. घोडेगावच्या मुलीने तो स्वतःला लावून घेण्याचे कारण नाही. तिच्याजवळ मराठी आहे, आणि मराठीचा गज लावला की मापे बदलतात.

तुर्की वाक्य मराठी कानाला ओळखीचे वाटते, कारण क्रियापद शेवटी येते. ‘बेन एव्हदेन गेल्दिम’ म्हणजे ‘मी घरातून आलो’, शब्दाला शब्द. ‘एव्ह’ म्हणजे घर, ‘एव्हदे’ घरात, ‘एव्हदेन’ घरातून. इंग्रजीत हे सारे शब्दाच्या आधी येते, आपल्याकडे आणि तुर्कीत मागे चिकटते. घराचे ‘घरा’ करणारे आपले सामान्यरूप तिथे नाही. त्याऐवजी प्रत्ययाचा स्वर मूळ शब्दाच्या स्वराशी जुळवावा लागतो, म्हणून शाळेतून म्हणताना ‘ओकुलदान’ होते. लिंगभेद नाही. ‘गेल्दी’ या एका रूपात आला, आली, आले हे तिन्ही मावतात. आणि स्वतः न पाहता ऐकून कळले असेल तर ‘गेल्मिश’ म्हणायचे. आपण ‘तो आला म्हणे’ म्हणतो, त्यातले ‘म्हणे’ तिथे क्रियापदातच शिरले आहे. आपल्या चहा-बिहासारखे ‘चाय-माय’ही तुर्कीत आहे. हे वाचून ज्याला गंमत वाटली नाही, त्याने तुर्कीच्या वाटेला जाऊ नये. गंमत वाटली, त्याचे निम्मे काम झाले.

जर्मनचे नाते निराळे, ते आधी आकड्यांत दिसते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले आणि मोठा वाद झाला. तुर्की माणूस ‘यिर्मी बिर’ म्हणतो, म्हणजे सरळ ‘वीस एक’. जर्मन माणूस ‘आइनउंडत्स्वान्त्सिश’ म्हणतो, म्हणजे ‘एक आणि वीस’, एकक आधी. एकवीस, पंचवीस म्हणत वाढलेल्या मुलाला यात अडखळायला होत नाही. तीन लिंगेही आपली ओळखीची: दर, दी, दास; तो, ती, ते. हिंदीने नपुंसकलिंग सोडले, मराठीने आणि जर्मनने ठेवले. मूल तिथेही नपुंसकलिंगीच, ‘दास किंड’. मात्र प्रत्येक शब्दाचे लिंग जुळेल अशी आशा धरू नये, कारण जर्मन सूर्य स्त्रीलिंगी आहे. ‘त्साइट’मधला ‘त्स’ आपल्या चाक-चोरातल्या ‘च’मध्ये आहेच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘मला थंडी वाजते’. जर्मनमध्ये ते ‘मीर इस्ट काल्ट’, म्हणजे ‘मला थंड आहे’. मराठीतून विचार करणाऱ्याला हे ‘मला’ आपोआप सुचते. इंग्रजीतून जाणारा ‘मी थंड आहे’ असे म्हणून बसतो आणि अर्थ भलताच होतो. मधला इंग्रजीचा फेरा इथे नडतो. खरी मेहनत आहे ती विभक्तीप्रमाणे बदलणाऱ्या उपपदांत आणि क्रियापदाच्या जागेत. ते मुख्य वाक्यात दुसऱ्या स्थानी असते, पण ‘कारण’ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात शेवटी जाते. तिथे पाठांतराला पर्याय नाही.

या भूमीला दोन्हींचा जुना स्पर्श आहे. मलिक अहमदने 1490 मध्ये जुन्नरहून निजामशाहीची सुरुवात केली. त्याच निजामशाहीसाठी तुर्की वंशाच्या रूमी खानाने 1549 मध्ये अहमदनगरला मलिक-ए-मैदान तोफ ओतली, ती आज विजापुरात आहे. तोफ, चाकू, चकमक हे शब्द मराठीत तुर्कीतून आले. जुन्नरच्या लेण्यांत ‘गत’ म्हणवणाऱ्या यवनांची दाने कोरलेली आहेत. ते जर्मन वंशशाखेतील गॉथ असावेत, असा तर्क स्टेन कोनो यांनी 1912 मध्ये मांडला होता. तो सर्वमान्य झालेला नाही.

आता व्यवहार. जर्मन शिकायला पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे आणि विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तुर्कीच्या पदवीसाठी दिल्लीच्या जामिया मिलियाकडे पाहावे लागते. पुणे मेट्रोच्या भुयारी कामात गुलेरमाक ही तुर्की कंपनी होती, पण तेवढ्याने रोजगाराची वाट तयार होत नाही. मे 2025 मध्ये पुण्याच्या बाजारात तुर्की सफरचंदांवर बहिष्कार पडला. भारत आणि तुर्कस्तान यांच्यातला राजकीय ताण हा भाषेचा दोष नसला तरी नोकरी शोधणाऱ्याला तो विसरता येत नाही. उलट जर्मनीने ऑक्टोबर 2024 मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची मर्यादा वर्षाला 20 हजारांवरून 90 हजारांवर नेण्याचे जाहीर केले. म्हणून आमचा कौल स्पष्ट आहे: पोटासाठी जर्मन. मध्ययुगीन इतिहासात किंवा भाषाविज्ञानात रमणाऱ्याने तुर्की जरूर शिकावी. मराठी माणसाला ती वाटते त्याहून खूप जवळची आहे.

पण जर्मन शिकणे म्हणजे दोन-तीन महिन्यांचा वर्ग नव्हे. परिचारिकेला तिथे पूर्ण मान्यतेसाठी साधारणपणे बी-2 पातळी लागते आणि त्यासाठी वर्ष-दीड वर्षाचा नेटाचा अभ्यास हवा. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील मुलीने त्यासाठी रोज पुण्याला जावे, ही अपेक्षा चुकीची आहे. ‘तुझे इंग्रजी कच्चे आहे’ म्हणून तिला परत पाठवणे तर त्याहून चुकीचे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने मराठीतून जर्मन शिकवणारे पुस्तक तयार करावे, आणि घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने जुन्नर, मंचर व घोडेगाव येथे बी-2 पर्यंतचे वर्ग येत्या शैक्षणिक वर्षापासून सुरू करण्यात पुढाकार घ्यावा.